आधी मोजू द्या, मग रूपांतर शिकवा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

राज्यातील प्राथमिक वर्गांची पाठ्यपुस्तके नव्या अभ्यासक्रमानुसार टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. या बदलांवर वृत्तपत्रांतून जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा भाषेच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांपुरती राहते. गणितातील मापन या घटकाकडे फारसे कोणी वळत नाही. तिसरी ते पाचवीच्या मुलांना मीटर-सेंटिमीटर, किलोग्रॅम-ग्रॅम आणि लिटर-मिलिलिटर यांचे परस्पर रूपांतर व त्यांवरील बेरीज-वजाबाकी ज्या रीतीने शिकवली जाते, ती रीत मुळातून बदलण्याची गरज आहे, असे प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेली शिक्षिका म्हणून मला मनापासून वाटते. पुस्तके नव्याने लिहिली जात असतानाच हे बोलले गेले पाहिजे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रश्न किती खोलवर गेला आहे, हे सांगायला एक आकडा पुरेसा आहे. ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येते हे पाहणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणाचा जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल चौदा ते अठरा वर्षे वयाच्या ग्रामीण मुलामुलींविषयी होता. त्यात मोजपट्टीवर वस्तूची लांबी वाचण्याचे प्रश्न होते. वस्तूचे एक टोक शून्यावर असताना सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. तेच टोक शून्याऐवजी दुसऱ्या आकड्यावर ठेवले, तेव्हा बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. ही मुले प्राथमिक शाळा पार करून कितीतरी पुढे गेलेली होती. मीटरचे सेंटिमीटर करण्याची उदाहरणे त्यांनी वह्यांमध्ये भरभरून सोडवली असणार. परंतु लांबी म्हणजे दोन खुणांमधले अंतर, पट्टीवरचा शेवटचा आकडा नव्हे, ही पहिली गोष्ट त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या मनात पक्की झालेली नव्हती.

असे का होते, हे वर्गात बसून पाहिले की लगेच कळते. तिसरीच्या मुलाच्या हातात पट्टी देऊन पाच सेंटिमीटरची रेघ काढायला सांगितले, तर बरीच मुले एकच्या खुणेपासून सुरुवात करतात आणि पाचच्या खुणेवर थांबतात, कारण मोजणे एकपासून सुरू होते असे त्यांना पहिलीपासून शिकवलेले असते. त्यांची रेघ चार सेंटिमीटरची होते. शिक्षक घाईत असतात, ते ‘शून्यापासून काढ’ एवढे सांगून पुढे जातात आणि मूल तेवढे पाळू लागते. खुणा आणि खुणांमधल्या जागा यांतला फरक तसाच राहतो. अशा वेळी कोपरा झिजलेली किंवा तुटकी पट्टी मुद्दाम हाती द्यावी, तीनपासून अकरापर्यंतच्या जागा बोट ठेवून मोजायला लावाव्यात, आणि उत्तर आठ का आले हे मुलालाच सांगू द्यावे. या कामाला दोन तासिका लागतात. पुढे वर्षानुवर्षे होणाऱ्या चुकांच्या मानाने हा वेळ काहीच नाही.

प्रत्यक्षात मापनाचा पाठ सुरू होतो तो फळ्यावरच्या तक्त्याने: किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली. ही सात नावे पाठ करायची, ‘मोठ्याचे लहान करताना गुणा, लहानाचे मोठे करताना भागा’ हा नियम पाठ करायचा, आणि मग एकाखाली एक वीस उदाहरणे सोडवायची. डेकाग्रॅम आणि हेक्टोलिटर ही एकके मुलांनी कधी पाहिलेली नसतात, त्यांच्या आईवडिलांनीही पाहिलेली नसतात, आणि पुढील आयुष्यातही त्यांतील बहुतेकांना ती भेटणार नाहीत. या नावांचा उल्लेख एकदा जरूर व्हावा, कारण प्रत्येक पायरी दहापटीची आहे हे त्यातून दिसते; पण चौथीच्या लेखी परीक्षेत ‘३ डेकामीटर = किती डेसिमीटर’ असा प्रश्न विचारण्याचे प्रयोजन मला आजवर समजलेले नाही.

मेट्रिक पद्धत आपल्याकडे कशासाठी आणली गेली, हे येथे आठवावेसे वाटते. १९५६ मध्ये वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनांचा वापर टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याआधी शाळकरी मुलाला रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै, मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशी तोळे, फुटाचे बारा इंच, याराचे तीन फूट आणि मैलाचे सतराशे साठ यार अशी प्रत्येक मापाची वेगळी पटी लक्षात ठेवावी लागे, आणि हिशेब करताना दर वेळी वेगळ्या संख्येने गुणावे किंवा भागावे लागे. त्या पिढीने हे केले, त्यांची तोंडी गणिते पक्की होती, याबद्दल मला आदरच आहे. परंतु त्यांच्या पाठांतरामागे खरी गरज होती. दशमान पद्धतीने ती गरज संपवली, कारण आपण संख्या ज्या दहाच्या पायावर लिहितो त्याच पायावर मापेही बसवली गेली. ही सोय मुलांपर्यंत पोचवायची सोडून आपण त्यांना नव्या पद्धतीचेही जुन्यासारखेच पाठांतर करायला लावतो, हे मला फार खटकते.

माझे म्हणणे असे की, मेट्रिक रूपांतर हा स्वतंत्र पाठ म्हणून शिकवूच नये. ते स्थानिक किमतीचेच वाचन आहे, असे शिकवावे. ४०७५ ही संख्या मूल हजार, शतक, दशक, एकक अशा घरांत लिहायला शिकलेले असते. ४०७५ ग्रॅम म्हटले की हजारच्या घरातला ४ म्हणजेच ४ किलोग्रॅम आणि उरलेले ०७५ म्हणजे ७५ ग्रॅम. तिथे गुणाकार किंवा भागाकार करावा लागत नाही. संख्या तीच राहते, फक्त ती कुठे तोडून वाचायची ते ठरवायचे असते. जे मूल ४ किलो ७५ ग्रॅमचे ४७५ ग्रॅम करते किंवा ४७५० ग्रॅम करते, त्याला गुणाकार येत नाही असे नसते. शतकाच्या घरात काहीच नाही, म्हणून तिथे शून्य लिहावे लागते, हे मापांच्या बाबतीतही खरे आहे, एवढेच त्याला कोणी दाखवलेले नसते. घरांचा तक्ता आखून वर हजार-शतक-दशक-एकक आणि त्याच रकान्यांखाली किलोग्रॅम व ग्रॅम लिहिले, तर ही चूक पुष्कळच कमी होते, असा माझा आणि माझ्या अनेक सहकाऱ्यांचा अनुभव आहे.

त्या ‘गुणा की भागा’ नियमाबद्दलही बोलले पाहिजे. मोठ्याचे लहान करताना संख्या वाढते, हे मुलाच्या सहज समजुतीच्या उलट जाते. लहान करायचे म्हणजे भागायचे, असेच त्याला वाटते आणि नियम उलटा लक्षात राहतो. त्याऐवजी वर्गातले टेबल तीनदा मोजायला लावावे. मीटरच्या काठीने मोजले तर ते एक मीटर आणि थोडे जास्त भरते. दहा सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर बारा लागतात. सेंटिमीटरमध्ये मोजले तर एकशे वीस होतात. टेबल तेच आहे, माप लहान झाले म्हणून ते जास्त वेळा ठेवावे लागले. हे ज्याने हाताने केले, त्याला पुढे कधी गुणायचे आणि कधी भागायचे हे विचारावे लागत नाही, आणि चुकलेच तर उत्तर पाहून आपले आपल्याला कळते.

बेरीज-वजाबाकीतील अडचण आणखी वेगळी आहे. ६ किलो ४० ग्रॅममधून २ किलो ९० ग्रॅम वजा करताना अनेक मुले ३ किलो ५० ग्रॅम असे उत्तर लिहितात. चाळीसमधून नव्वद जात नाहीत, म्हणून त्यांनी एक किलो सुटा केला खरा, पण मीटर-सेंटिमीटरच्या सवयीने त्याचे शंभरच ग्रॅम केले. एक किलो सुटा केल्यावर १०४० ग्रॅम होतात आणि उत्तर ३ किलो ९५० ग्रॅम येते. याच पाठाला लागून वेळेचा पाठ असतो आणि तिथे ४ तास २० मिनिटांतून १ तास ४५ मिनिटे वजा करताना उत्तर ‘२ तास ७५ मिनिटे’ असे येते, कारण तासाचेही शंभर केलेले असतात. शंभर, हजार आणि साठ या तीन पट्या एकाच आठवड्यात शिकवल्या की असा गोंधळ होणारच. वेळेचे मापन दशमान नाही, ते या घटकापासून दूर, स्वतंत्रपणे शिकवावे. आणि लांबीचा सराव पूर्ण पक्का झाल्याशिवाय वजनाकडे जाऊ नये, अशी माझी पुस्तककर्त्यांना आग्रहाची विनंती आहे. आज तिन्ही एकमेकांना चिकटून येतात.

पाचवीत दशांश अपूर्णांक येतात आणि तिथे सर्वांत मोठी पडझड होते. १ मीटर ८ सेंटिमीटर म्हणजे १.८ मीटर, ५ किलो ५० ग्रॅम म्हणजे ५.५० किलो, असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात आणि ती हुशार मुलांमध्येही असतात. पूर्वी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, आणि त्याचे एक कारण मला स्पष्ट दिसते. तीन रुपये पाच पैसे म्हणजे ३.०५ रुपये, हे मुलाला दुकानातून कळत असे. पाच पैसे आणि पन्नास पैसे यांतला फरक त्याच्या मुठीत होता. पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, पन्नास पैशांचे नाणेही आता व्यवहारात दिसत नाही, आणि मुलांच्या दृष्टीने रुपया हे सर्वांत लहान नाणे झाले. पाठ्यपुस्तके मात्र अजूनही रुपये-पैशांच्या आधाराने दशांश चिन्ह समजावू पाहतात. ज्या आधाराला मुलांच्या जगात अस्तित्वच उरलेले नाही, त्यावर नवी कल्पना उभी राहू शकत नाही. दशांश चिन्हाची ओळख आता मीटरच्या पट्टीवरूनच व्हायला हवी: मीटरचा दहावा भाग, त्याचा दहावा भाग, आणि त्या भागांवर बोट ठेवून वाचलेली संख्या.

या बाबतीत भाजीवाल्याच्या आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची आपल्याला चांगली मदत होऊ शकते. तराजू आणि वजने दुकानांतून जवळपास गेली, त्यामुळे २०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि ५० ग्रॅमची वजने मिळून ३५० ग्रॅम कसे होतात हे मुलांना आता दिसत नाही, हे नुकसान खरेच आहे. पण नव्या काट्यावर किलोचे आकडे बहुधा तीन दशांश स्थळांपर्यंत उमटतात: ०.३५०, १.०५०, २.२५०. चिन्हानंतरचे तीन आकडे एकत्र वाचले की ते ग्रॅमच असतात. म्हणून किलोग्रॅम, लिटर आणि किलोमीटर लिहिताना दशांश चिन्हापुढे नेहमी तीन घरे भरायची, मीटर-सेंटिमीटर लिहिताना दोन घरे भरायची, असा नेम निदान पाचवीचे वर्षभर पाळावा. घरगुती गॅसच्या टाकीवर १४.२ किलो असे लिहिलेले असते. वर्गात विचारले तर पुष्कळ मुले ‘चौदा किलो दोन ग्रॅम’ असे वाचतात. तेच १४.२०० असे लिहून घेतले की चौदा किलो दोनशे ग्रॅम हे उत्तर न सांगता येते. शेवटची शून्ये कधी गाळता येतात, हे नंतर समजावता येईल; आधी घरे भरायची सवय लागू द्यावी.

मापनासाठी उदाहरणे कुठून आणायची, असे तरुण शिक्षक विचारतात. आपल्या प्रत्येक शाळेत एक उत्तम उदाहरण रोज शिजते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. आज उपस्थिती ५२ असेल, तर तांदूळ ५ किलो २०० ग्रॅम लागतील, भाजी २ किलो ६०० ग्रॅम आणि तेल २६० ग्रॅम. डाळ १०४० ग्रॅम, म्हणजे १ किलो ४० ग्रॅम. ही डाळ नोंदवहीत १.०४० लिहायची की १.४, या प्रश्नावर चौथी-पाचवीच्या वर्गात चर्चा घडवून पाहावी, १.४ लिहिले तर ३६० ग्रॅम डाळ जास्त निघते, आणि ती एका दिवसाची अठरा मुलांची डाळ आहे, हे मुले स्वतः शोधून काढतात. पन्नास किलोचे पोते किती दिवस पुरेल, नऊ दिवसांनंतर किती तांदूळ शिल्लक राहतील, हाही मुलांच्या आवाक्यातला प्रश्न आहे. रोजची उपस्थिती ५२ धरली तर ते ३ किलो २०० ग्रॅम राहतात. हिशेबाची जबाबदारी मुलांवर टाकावी असे मी म्हणत नाही, ती मुख्याध्यापकांचीच आहे. पण मुख्याध्यापक जो हिशेब रोज करतात, तो शेजारच्या वर्गातल्या मुलांनी पडताळून पाहायला काय हरकत आहे? तेलाचे प्रमाण ग्रॅममध्ये का दिले आहे आणि एक लिटर तेलाच्या पिशवीवर सुमारे ९१० ग्रॅम असे का छापलेले असते, असा प्रश्न एखादे चौकस मूल हमखास विचारते, आणि तिथे लिटर आणि किलोग्रॅम ही दोन वेगळ्या गोष्टींची मापे आहेत हे शिकवण्याची संधी आपोआप मिळते.

गावातील मुलांसाठी शेताचीही उदाहरणे हाताशी आहेत. बाजार समितीतील भाव क्विंटलमध्ये असतो. क्विंटलला अठराशे रुपये भाव मिळाला तर किलोला किती पडले, हे घरी रोज बोलले जाते. फवारणीचे औषध लिटरला दोन मिलिलिटर असेल, तर पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिलिलिटर लागते. (हे गणित तोंडीच करावे, औषधाच्या बाटलीला मुलांनी हात लावू नये, हे त्याच तासाला बजावून सांगावे.) सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते, शंभर आरांचा हेक्टर आणि शंभर चौरस मीटरचा आर, म्हणजे एक आर हा आपल्या गुंठ्याच्या अगदी जवळपास असतो, गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा आहे. पाचवीच्या मुलांनी मैदानावर दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन चुन्याने आखून तो पाहिला, तर ‘आर’ हे माप त्यांच्या डोळ्यांसमोर राहील. त्याच चौकोनात एक मीटरचे शंभर चौकोन बसतात हेही त्यांना दिसेल, आणि ‘एक चौरस मीटर म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर’ ही पुढे सातवी-आठवीपर्यंत टिकणारी चूक मुळातच टळेल. एक चौरस मीटरमध्ये दहा हजार चौरस सेंटिमीटर असतात, हे पाठ करून लक्षात राहत नाही. वर्गाच्या फरशीवर खडूने आखले की विसरले जात नाही.

शहरातील मुलांना शेत नाही, तरी पाकिटे आहेत, दुधाच्या पिशव्या आहेत, औषधाच्या बाटल्या आहेत. साठ मिलिलिटरच्या बाटलीतून पाच मिलिलिटरचे किती डोस निघतील? जलसंजीवनीची एक लिटरची पुडी किती पेले पाण्यात मिसळायची, पेला दोनशे मिलिलिटरचा असेल तर? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर आजारी बाळाला चुकीच्या प्रमाणातले पाणी दिले जाते, एवढे त्याचे गांभीर्य आहे. मापनाचे शिक्षण केवळ गुणांसाठी नाही, हे पालकांना पटवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आपल्या भाषेतही या घटकाला पूरक असे मोठे बळ आहे आणि ते आपण वापरत नाही, याची मला खंत वाटते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द घरोघरी रोज उच्चारले जातात. पाव किलो म्हणजे अडीचशे ग्रॅम, पाऊण किलो म्हणजे साडेसातशे, सव्वा लिटर म्हणजे साडेबाराशे मिलिलिटर, पावणेदोन किलो म्हणजे साडेसतराशे ग्रॅम. बाजारात अदपाव मागितले की सव्वाशे ग्रॅम मिळते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी यांचे पाठांतर परत आणावे असा माझा आग्रह नाही. परंतु हे शब्द आणि ग्रॅम-मिलिलिटरमधील आकडे यांची जोडी तिसरीपासून तोंडी गणितात रोज पाच मिनिटे जुळवली, तर अपूर्णांक आणि दशांश या दोन्हींची तयारी एकाच वेळी होते. तिसरीतले मूल ०.७५० वाचू शकत नाही, पण पाऊण किलो त्याला पूर्ण कळते. जे कळते तिथून सुरुवात करण्याऐवजी आपण ‘एक किलोग्रॅम बरोबर एक हजार ग्रॅम’ या कोरड्या वाक्याने सुरुवात करतो.

साहित्याचा प्रश्न अनेक जण उपस्थित करतात. एक मीटरची काठी, शिंप्याची टेप, साधा तराजू व पन्नास ग्रॅमपासून एक किलोपर्यंतची वजने, शंभर मिलिलिटरपासून एक लिटरपर्यंतची मापे, एवढे प्रत्येक वर्गात असावे. बहुतेक शाळांत यातले बरेचसे गणित पेटीत किंवा कार्यालयातल्या कपाटात असते. मोडेल, हरवेल, नोंदवहीत कमी भरेल या भीतीने ते बाहेर निघत नाही. वापराने झिजलेले किंवा फुटलेले शैक्षणिक साहित्य रद्द करण्याची सोपी, कोणालाही दोषी न धरणारी व्यवस्था शिक्षण विभागाने करून दिली, तर नवीन खरेदी न करताही हजारो वर्गांत मापन सुरू होईल.

परीक्षेचे स्वरूप बदलल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही, हेही मला माहीत आहे. प्रश्नपत्रिकेत ‘३ किमी ४५ मी = किती मी?’ एवढेच विचारले जात असेल, तर शिक्षक तेवढेच करून घेणार. त्याऐवजी ‘दाराची उंची किती असेल: २ सेंटिमीटर, २ मीटर की २ किलोमीटर?’ असा प्रश्न असावा. ‘चौथीतल्या एका मुलीची उंची वहीत १.८ मीटर लिहिली आहे, काय चुकले असेल?’ असा प्रश्न असावा. १.८ मीटर उंचीची मुलगी तिच्या बहुतेक शिक्षकांपेक्षाही उंच ठरेल, हे ज्या मुलाच्या लक्षात आले, त्याला १.०८ कसे लिहायचे हे समजले असे मी मानेन, मग त्याने हेक्टो आणि डेका पाठ केलेले असोत वा नसोत. वर्षभर वर्गातच चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिकाला जागा आहेच. मापनाचे निम्मे गुण प्रत्यक्ष मोजण्याला दिले जावेत. शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी रूपांतराचा वेग लागतो, असा आक्षेप घेतला जातो. वेग लागतो हे मान्य आहे, पण तो समज आल्यानंतर सरावाने येतो, आणि समज नसलेल्या मुलाचा वेग पर्यायात १.८ आणि १.०८ शेजारी शेजारी आले की तिथेच अडतो.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. पावसाळ्यात एकाच पानावर पाऊस मिलिमीटरमध्ये, धरणाचा साठा टीएमसीमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये आणि नदीची पातळी फुटांमध्ये छापलेली असते. हे शब्द जलसंपदा विभागाच्या आणि वाचकांच्या सवयीचे आहेत, ते एकदम बदलणार नाहीत, याची मला जाणीव आहे. पण त्यांच्या शेजारी कंसात लिटर आणि मीटर देता येतील. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे असे लिहिताना एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, एवढी ओळ छापली, तर पाचवीतली मुलगी शिक्षकांसोबत ते गणित करून पाहील. एक हेक्टर शेतावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले, हा हिशेब तर तिला स्वतःच मांडता येईल, आणि गावात आलेल्या टँकरशी ताडूनही पाहता येईल. अनेक शाळांमध्ये परिपाठाच्या वेळी वृत्तपत्र वाचले जाते. येत्या पावसाळ्यापासून आपण अशी चौकट रोज दिलीत, तर तिच्यावर आधारलेले पाचवीचे सराव प्रश्न तयार करून देण्याची माझी आणि माझ्या काही निवृत्त सहकाऱ्यांची तयारी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. सातारा